एनबीएची टाळेबंदी आणि नवखे खेळाडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मालक आणि खेळाडू यांचं पैशावरून वाजलं की बातम्या येतात त्या डॉलरच्या आणि रद्द झालेल्या सामन्यांच्या. त्याच वर्षी भरती झालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांचं काय झालं, हे कुणी फारसं विचारत नाही. त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः २०११ च्या टाळेबंदीवर आहे. त्या हिवाळ्यात पहाटे उठून सामना लावायची सवय मोडली होती, म्हणून ती माझ्या चांगलीच लक्षात आहे.

टाळेबंदी म्हणजे संपच ना?

नाही. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय किंवा घरात ऐकलंय त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. कामगार काम थांबवतो तो संप, मालक दाराला कुलूप लावतो ती टाळेबंदी. १९९८ आणि २०११ या दोन्ही वेळी कुलूप मालकांनी लावलं होतं. तरी लोक आजही ‘प्लेयर्सचा स्ट्राइक’ म्हणतात, आणि त्यामुळे दोष आपोआप खेळाडूंच्या माथी जातो.

२०११ मध्ये भांडण नेमकं कशावरून होतं?

वाट्यावरून. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिराती असं बास्केटबॉलमधून येणारं उत्पन्न एकत्र मोजतात. जुन्या करारात त्यातला ५७ टक्के वाटा खेळाडूंचा होता. मालकांचं म्हणणं, ३० पैकी २२ संघ तोट्यात आहेत. खेळाडूंच्या संघटनेला हे आकडे मान्य नव्हते. करार ३० जूनला संपला आणि १ जुलैला टाळं लागलं. लीगकडून आयुक्त डेव्हिड स्टर्न, खेळाडूंकडून बिली हंटर आणि डेरेक फिशर अशा बैठकांवर बैठका झाल्या. नोव्हेंबरात प्रकरण कोर्टात गेलं. २६ नोव्हेंबरला तडजोड झाली आणि ८ डिसेंबरला टाळं उघडलं. एकूण १६१ दिवस. खेळाडूंचा वाटा ४९ ते ५१ टक्क्यांवर आला. हंगाम नाताळच्या दिवशी सुरू झाला आणि ८२ ऐवजी ६६ सामन्यांचा झाला.

हिशेब इथे संपतो असं वाटतं. माझ्या मते नवख्यांचा हिशेब इथूनच सुरू होतो.

सामने सगळ्यांचेच बुडाले. नवख्यांचं वेगळं काय अडलं?

सामने सोळाच बुडाले. त्याहून मोठं जे बुडालं ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

टाळेबंदी म्हणजे नुसता पगार बंद नव्हे. संघाचं सरावगृह बंद, जिम बंद, संघाचे डॉक्टर आणि फिजिओ बंद. आणि सगळ्यात जाचक अट म्हणजे संघाच्या कोचने खेळाडूशी संपर्कच ठेवायचा नाही. दहा वर्षं खेळलेल्या माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. त्याला आपलं शरीर माहीत असतं, स्वतःचा ट्रेनर असतो, संघाची खेळी तोंडपाठ असते. उलट जुलै ते नोव्हेंबर पाय जरा मोकळे होतात.

नवख्याचं गणित उलटं. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी दोन फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला २३ जूनला, म्हणजे कुलूप लागायला जेमतेम आठवडा. एरवी त्या उन्हाळ्यात त्याला संघ हातात घेतो. वजन किती हवं, डावा हात कुठे कमी पडतो, कॉलेजात चालणारी कुठली खोड इथे चालणार नाही, हे सगळं पहिल्या चार महिन्यांत सांगितलं जातं. नवख्यांसाठी लीग उन्हाळ्यात वर्ग घेते. पैसा कसा सांभाळायचा, नव्या शहरात कसं राहायचं, नात्यागोत्यातल्या मागण्यांना नाही कसं म्हणायचं, असं त्यात शिकवतात. त्या वर्षी तोही झाला नाही.

९ डिसेंबरला सराव शिबिरं उघडली आणि २५ डिसेंबरला पहिला सामना. मधे प्रत्येक संघाला सराव सामने मिळाले फक्त दोन. नव्या पोराने त्या सोळा दिवसांत घर शोधायचं, करार सही करायचा, शंभरेक खेळी पाठ करायच्या आणि लेब्रॉन जेम्सला अडवायला उभं राहायचं.

पण सराव एकट्याने करता येतोच की! बॉल आणि रिंग असली की झालं.

हा प्रश्न नेहमी येतो आणि विचारणारा बहुधा कधी संघाकडून खेळलेला नसतो. (राग मानू नका.)

स्वतःचीच गोष्ट सांगतो. आठवीच्या सुट्टीत आमच्या कोर्टाला दोन महिने कुलूप होतं. मैदान कुणाचं यावरून दोन मंडळांचं भांडण होतं. मी घराजवळच्या एका गंजक्या रिंगवर रोज दीडशे ले-अप (पळत येऊन रिंगजवळून उडी मारत टाकायचा फटका) मारले आणि फार खुश होतो. जूनमध्ये सरांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?” उजव्या हाताने मारताना मी उजव्याच पायावर उडत होतो. डाव्यावर उडायचं असतं. दोन महिन्यांत ती चूक इतकी घट्ट बसली की दिवाळीपर्यंत सुटली नाही. एकट्याने सराव होतो, पण चुकीचाही पक्का होतो.

आता मोठं उदाहरण. कवाय लेनर्ड. सॅन डिएगो स्टेटचा हा मुलगा ड्राफ्टमध्ये पंधरावा निवडला गेला. इंडियानाने त्याला घेतलं आणि त्याच रात्री सॅन अँटोनिओ स्पर्सला देऊन बदल्यात जॉर्ज हिल घेतला. लेनर्डचे पंजे अवाढव्य, बचाव जबरदस्त, पण लांबून मारायचं म्हटलं की बोंब. कॉलेजात तीन गुणांचे फटके चारातला एक जायचा. बॉल डोक्याच्या वर, थोडा मागे न्यायचा आणि तिथून सोडायचा.

स्पर्सकडे चिप एंगेलंड नावाचे शॉटचे कोच होते. शॉट मोडून नव्याने बांधायचा नाही, आहे त्यातलाच एखादा धागा सरळ करायचा, ही त्यांची पद्धत. टाळेबंदीआधी दोघांना मोजके दिवस मिळाले. तेवढ्यात बॉल सोडायची जागा पुढे आणि खाली आणायची, एवढं एकच काम त्यांनी त्याला लावून दिलं. मग कुलूप लागलं. पाच महिने लेनर्डने तेच एक काम केलं. पहिल्याच हंगामात त्याचे तीन गुणांचे ३७.६ टक्के फटके गेले.

लोक ही गोष्ट ‘बघा, टाळेबंदीतही मेहनत फळते’ म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. जाण्याआधी काय करायचं ते जाणत्या माणसाने दाखवलं होतं, म्हणून मेहनत फळली. त्या आठवड्यात ज्यांना कुणीच काही दाखवलं नाही, त्यांनीही मेहनतच केली.

जुलैत नव्या पोरांना आजमावायला भरणारी समर लीग रद्द झाली होती. ती तर नुसती हौसेची स्पर्धा ना?

बड्या नावांसाठी हौसेची. ज्याचं नाव ड्राफ्टमध्ये पुकारलंच नाही, त्याच्यासाठी ती मुलाखत असते.

एक वर्ष मागे, २०१० च्या जुलैत जा. हार्वर्डचा जेरेमी लिन, ड्राफ्टमध्ये साठपैकी एकाही जागेवर निवड नाही. लास वेगासच्या समर लीगमध्ये त्याला डॅलसच्या संघातून जागा मिळाली. त्या वर्षी पहिला निवडला गेलेला जॉन वॉल समोर होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये लिनने त्याच्या तोंडासमोर असा खेळ केला की अख्खं सभागृह त्याच्या बाजूने ओरडायला लागलं. त्यावर त्याला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा करार मिळाला.

लिन एका वर्षाने उशिरा पदवीधर झाला असता तर? २०११ मध्ये वेगासची समर लीगच नव्हती. तो दहा मिनिटांचा खेळ कुठे दाखवला असता? त्या वर्षी असे किती लिन घरी गेले हे सांगता येत नाही, कारण ते कुणाला दिसलेच नाहीत.

मग युरोप किंवा चीनमध्ये का गेले नाहीत?

गेले की. डेरॉन विल्यम्स इस्तंबूलच्या बेशिक्ताशला, टोनी पार्कर फ्रान्समधल्या स्वतःच्या आस्वेल क्लबला, सर्ज इबाका रिअल माद्रिदला. जुलैअखेर आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने परवानगी दिली होती. अट एकच, टाळं उघडलं की परत यायचं.

पण ही सगळी नाव असलेली माणसं. युरोपातला क्लब दोन महिन्यांसाठी पाहुणा ठेवतो तो तिकिटं खपावीत म्हणून, शिकवायला नव्हे. नवख्यांपैकी चँडलर पार्सन्स फ्रान्सच्या शोलेकडे काही सामने खेळला आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. डॅनी ग्रीन तसा नवखा नव्हता, पण पाय कुठेच टेकलेले नव्हते. क्लीव्हलंडने काढलं, स्पर्सनेही घेऊन सोडलं. तो स्लोव्हेनियात ऑलिंपिया ल्युब्ल्यानाकडून खेळला, परतून स्पर्समध्ये टिकला आणि २०१३ च्या फायनलमध्ये तीन गुणांचे २७ बास्केट मारून त्याने विक्रम केला.

चीनची गंमत वेगळी. तिथल्या लीगने मधेच सोडून जाण्याचं कलम नाकारलं. जे. आर. स्मिथ, विल्सन चँडलर, केन्यन मार्टिन गेले आणि टाळं उघडल्यावरही तिथेच अडकून बसले. विशीतल्या पोराला एजंटने हा सल्ला दिला असता तर त्याचा पहिला हंगामच गेला असता.

आणखी एक वाट होती, देशाचा संघ. ऑगस्टअखेर लिथुएनियात युरोबास्केट झालं. तुर्कीचा एनेस कान्टर, लिथुएनियाचा योनास वालानच्युनास, स्पेनचा रिकी रुबिओ यांना तिथे कोच, फिजिओ, सामने सगळं मिळालं. कान्टरच्या बाबतीत तर ते फारच वेळेवर झालं, कारण केंटकी विद्यापीठात त्याला अपात्र ठरवल्याने त्याचं आधीचं अख्खं वर्ष एकही सामना न खेळता गेलं होतं. अमेरिकन पोरांना असा आधार नव्हता.

अमेरिकेत उन्हाळाभर प्रदर्शनी सामने तर चालू होते.

होते, आणि मजाही होती. केव्हिन ड्युरांटने १ ऑगस्टला न्यू यॉर्कच्या रकर पार्कमध्ये ६६ गुण केले. बचाव कुणी करत नव्हतं. नवख्याला शिकायचा असतो तो बचावच.

डी-लीगला टाळं नव्हतं ना? तिथे खेळायचं!

बरोबर, एनबीएची धाकटी लीग चालू होती. पण ज्यांची एनबीए संघांशी नाळ जुळलेली होती त्यांना तिथे पाठवायची सोयच तोवर बंद होती, कारण पाठवणारा संघच कुलपामागे. ज्यांची निवड झाली नव्हती ते जाऊ शकत होते. पगार मात्र अख्ख्या हंगामाचा सुमारे १३ हजार ते साडेपंचवीस हजार डॉलर. अमेरिकेत तेवढ्यात घरभाडं भरून काय उरतं ते बघा.

कोट्यधीशांची कीव कशाला करायची?

कोट्यधीशांची करूच नका. पण ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं म्हणून पैसे येत नाहीत, करारावर सही झाली की येतात, आणि टाळेबंदीत सही करता येत नाही. पहिल्या फेरीतल्यांना निदान पगाराची ठरलेली श्रेणी होती, त्यांच्या भरवशावर एजंट उसने पैसे देत. दुसऱ्या फेरीतल्यांना कसलीच हमी नव्हती. कॉलेजात परत जाऊन खेळायचा रस्ताही बंद, कारण एकदा ड्राफ्टमध्ये राहिलं की कॉलेजच्या संघातली पात्रता तेव्हा जायची. वर्गात बसता येतं. पहिला निवडला गेलेला कायरी अर्व्हिंग त्या उन्हाळ्यात ड्यूक विद्यापीठात जाऊन वर्गात बसला, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते.

जे कॉलेजमध्येच थांबले ते हुशार ठरले का?

त्या वर्षी हॅरिसन बार्न्स, जॅरेड सलिंजर, पेरी जोन्स हे तिघे वरच्या जागांवर निवडले जातील अशी चर्चा होती. तिघेही कॉलेजात थांबले. प्रत्येकाची कारणं वेगळी, टाळेबंदीची टांगती तलवार त्यातलं एक. पुढच्या वर्षी बार्न्स सातवा गेला, सलिंजर पाठीच्या दुखण्यामुळे एकविसावा आणि जोन्स अठ्ठाविसावा. एक वर्ष सुरक्षित काढलं म्हणून भाव टिकतोच असं नाही. मात्र बार्न्सला कोचच्या नजरेखाली पूर्ण हंगाम खेळायला मिळाला आणि २०१५ मध्ये तो विजेत्या वॉरियर्सच्या पहिल्या पाचात होता.

६६ सामने घाईघाईत झाले. मग नवख्यांना जास्तच खेळायला मिळालं असेल?

काहींना मिळालं. १२४ दिवसांत ६६ सामने, आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला निदान एकदा तरी सलग तीन रात्री तीन सामने आले. थकलेल्या म्हाताऱ्यांच्या जागी पोरं उतरली. पण इतक्या दाटीत हंगामात सरावच होत नाही. सामना, विमान, हॉटेल, सामना. काल काय चुकलं ते आज सुधारून बघायला कोर्टच मिळत नाही.

शार्लट बॉबकॅट्सकडे पाहा. केम्बा वॉकर तिथे नवखा होता. संघ ७ जिंकला, ५९ हरला, जिंकण्याच्या टक्केवारीत लीगच्या इतिहासातला तळ. वॉकरला मिनिटं भरपूर मिळाली, फटके मात्र शंभरात ३७ च्या आसपास गेले. चुका करायला मुबलक वेळ आणि त्या दुरुस्त करायला शून्य.

शिकागोच्या जिमी बटलरला मिनिटंही मिळाली नाहीत. पहिल्या हंगामात ४२ सामने, सरासरी साडेआठ मिनिटं. कोच टॉम थिबडोंचं बचावाचं तंत्र किचकट. ज्याने ते उन्हाळ्यात शिकायला हवं होतं त्याला ते बाकावर बसून बघावं लागलं. पुढे तो लीगमधला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला, पण २०१५ साली.

दुखापती टाळेबंदीमुळे झाल्या का?

त्या हंगामात रिकी रुबिओचा गुडघा मार्चमध्ये गेला. २८ एप्रिलला एकाच दिवशी शिकागोचा डेरिक रोज आणि नवखा इमान शम्पर्ट यांचे गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. तयारी कमी, सामने दाट, म्हणून झालं असं तेव्हा सगळेच म्हणत होते. शंका रास्त आहे, पण गुडघे पूर्ण हंगामातही जातात. एवढं खरं की फिजिओने पाच महिने हात न लावलेलं शरीर डिसेंबरात थेट कामाला जुंपलं होतं.

म्हणजे २०११ ची तुकडी वाया गेली?

अजिबात नाही, आणि माझ्या म्हणण्याला हाच सगळ्यात मोठा छेद आहे. अर्व्हिंग, लेनर्ड, क्ले थॉम्पसन, वॉकर, बटलर आणि साठाव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर निवडलेला आयझेया थॉमस. तुकडी म्हणून ती उत्तमच निघाली. पण ही वर पोचलेल्यांची यादी आहे. पहिल्या फेरीतल्यांची पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसऱ्या वर्षाचा निर्णय संघाला दुसऱ्या हंगामाच्या तोंडाशीच करावा लागतो. या मुलांची परीक्षा सहासष्ट सामन्यांवर झाली. लेनर्ड त्यात पास होतोच. काठावरच्याला दुसरा पेपर मिळत नाही.

१९९८-९९ च्या टाळेबंदीत काय झालं होतं?

ती अधिक जाचक होती. हंगाम फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाला आणि पन्नासच सामने झाले. डर्क नोव्हित्स्की त्याच वर्षी डॅलसला आला. टाळेबंदीत तो जर्मनीत वुर्झबुर्गकडून खेळत होता. मग वीस वर्षांचा पोरगा जानेवारीत अमेरिकेत उतरला आणि दोन-तीन आठवड्यांत मैदानावर. सरासरी ८.२ गुण. परत जावं का, असा विचार त्याच्या मनात आला होता. पुढच्या वर्षी रीतसर उन्हाळा मिळाला आणि सरासरी १७.५ वर गेली.

२०११ च्या करारात तरुणांसाठी काही चांगलं निघालं का?

थोडंफार. पहिल्या दोन वर्षांतल्या खेळाडूला डी-लीगमध्ये हंगामात तीनदाच पाठवता येई, ती मर्यादा गेली. त्यामुळे आज तिथे सामना, उद्या परत, असं करणं सोपं झालं. ‘डेरिक रोज नियम’ही तेव्हाचाच. लवकर चमकलेल्या तरुणाला पहिल्या करारानंतर जास्त पगार देता येऊ लागला. पण काठावरच्यांसाठी खरी सोय, म्हणजे दोन्ही लीगमध्ये खेळता येणारा ‘टू-वे’ करार, २०१७ मध्ये आली. आताचा करार २०२३ चा आहे, तो २०२९-३० पर्यंत चालतो आणि एक वर्ष आधी मोडायची मुभा आहे.

भारतातल्या मुलांचा याच्याशी संबंध काय?

पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला. त्याची सुरुवात समर लीगमधूनच झाली. प्रिन्सपाल सिंग २०२१ मध्ये सॅक्रॅमेंटोच्या समर लीग जिंकणाऱ्या संघात होता. नागपाडा असो की नाशिक, इथल्या मुलाला तिथलं दार किलकिलं झालंच तर ते असं जुलैतच होईल. आणि टाळेबंदीत सगळ्यात आधी बंद होतं ते हेच दार.

टाळेबंदीचा खराखुरा फायदा झालेला कुणी आहे का?

पुन्हा जेरेमी लिन. २०११ च्या उन्हाळ्यात त्याने कॅलिफोर्नियात डॉक शेप्लर यांना गाठलं. हे पाइनवुड नावाच्या शाळेत मुलींच्या संघाचे कोच. एनबीएच्या खेळाडूने शाळकरी मुलींच्या कोचकडे शॉट दुरुस्त करायला जायचं! पण लिनने महिनोन्‌महिने तेच केलं. त्याला जाणता माणूस भेटला आणि वेळही भेटला.

९ डिसेंबरला शिबिर उघडलं आणि पहिल्याच दिवशी वॉरियर्सने त्याला काढून टाकलं. नवा शॉट त्यांनी नीट पाहिलासुद्धा नाही. ह्यूस्टनने घेतलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी सोडलं. न्यू यॉर्क निक्सने घेतलं आणि जानेवारीत डी-लीगला, ईरीला पाठवलं. तिथे एका सामन्यात त्याने २८ गुण, ११ रिबाउंड, १२ असिस्ट केले. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध बाकावरून उठला तेव्हा त्याचा करार अजून पक्का नव्हता, आणि आदल्या रात्री तो संघातल्या एका मित्राच्या सोफ्यावर झोपला होता. त्या सामन्यात त्याने २५ गुण केले.